प्रश्न विचारण्याची पाळी

परदेशात नव्याने येऊन राहणाऱ्या मनुष्याचा दिवस बहुधा उत्तरे देण्यात जातो. नाव काय, जन्मतारीख कोणती, येथे कधी आलात, कशासाठी आलात, घरात माणसे किती, भाडे कोण भरतो, दाखला आणला आहे काय, आणला असल्यास मूळ प्रत कोठे आहे, अशा प्रश्नांची फैर विमानतळावर सुरू होते ती दवाखाना, शाळा, बँक, घरे वाटून देणारे नगरपालिकेचे दफ्तर अशा क्रमाने वर्षानुवर्षे चालू राहते. आणि विचारणारा नेहमी मेजाच्या पलीकडे व सांगणारा अलीकडे ही बैठक इतकी कायम होऊन बसते की, आपणही कोणाला काही विचारू शकतो याचेच त्या मनुष्यास कालांतराने विस्मरण पडते. लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल व त्याच्या आसपास, स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गांत आणि त्यांना जोडून भरविलेल्या नाट्याच्या, शिवणाच्या व चित्रांच्या कार्यशाळांत माझी उमेदीची वर्षे गेली. तेथे मी जे शिकले ते बहुतेक सारे या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आरंभीच सांगून टाकते.

लग्नानंतर मी पुण्याहून तिकडे गेले. इंग्रजी येत होते, महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत कामे केलेली असल्यामुळे चार लोकांपुढे उभे राहण्याची भीड चेपलेली होती, आणि घरी बसून राहण्याचा कंटाळा आलेला होता. या तीन गोष्टींपलीकडे या कामाची कोणतीही सनद माझ्यापाशी नव्हती. पुढे रीतसर शिक्षणक्रम पुरा करून मी पगारी शिक्षिका झाले, परंतु आरंभी मला ठेवून घेतले गेले ते माझ्या वर्णामुळे, असे मला आजही वाटते. वर्गातील बहुसंख्य स्त्रिया बांगलादेशातल्या सिल्हेट भागातल्या होत्या. हिंदी सिनेमाच्या कृपेने त्यांना कामापुरते हिंदी समजे, आणि गोऱ्या बाईंना जे विचारण्याचा संकोच वाटे ते त्या मला ‘आफा’, म्हणजे ताई, म्हणून बाजूला घेऊन विचारीत. मी त्यांच्यातलीच एक आहे हा त्यांचा समज अर्धाच खरा होता. मी आले ती पदवी पदरात बांधून, नोकरदार नवऱ्याच्या पाठोपाठ. त्यांच्यापैकी कित्येकींनी आपल्या गावात शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता. हा फरक त्या माझ्याआधी ओळखून होत्या, फक्त त्यांनी तो बोलून दाखविला नाही.

व्हाइटचॅपलचा परिसर असा आहे की, तेथे परका कोणी आणि यजमान कोणी हे ठरविणे कठीण व्हावे. ब्रिक लेन आणि फोर्निअर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर एक इमारत उभी आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट विणकरांच्या समाजाने ती १७४३ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. एकोणिसाव्या शतकात ती मेथडिस्ट पंथाकडे गेली, त्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी तिचे सिनेगॉग केले, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. दर पिढीत नवे परके आले, आधीचे परके जरा बऱ्या वस्तीत राहावयास गेले, आणि भिंती तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर टॉयन्बी हॉल आहे. सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे या हेतूने १८८४ मध्ये तो स्थापन केला. पुढे १९०१ मध्ये उघडलेली व्हाइटचॅपलची कलावीथी हीसुद्धा त्यांच्याच खटपटीचे फळ. १८८८ साली जेन ॲडम्स ही अमेरिकन स्त्री टॉयन्बी हॉल पाहून गेली आणि दुसऱ्याच वर्षी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह तिने शिकागोत हल हाउस सुरू केले. इटालियन, ग्रीक, ज्यू अशा नाना देशींच्या मजुरांच्या त्या वस्तीत नेव्हा बॉइड ही बाई मुलांना खेळांतून शिकवावे असे प्रतिपादन करीत असे. १९२४ च्या सुमारास तिच्या हाताखाली शिकलेली व्हायोला स्पोलिन हिने पुढे मंदीच्या काळात सरकारी योजनेतून स्थलांतरितांच्या मुलांची नाटके बसविली, आणि भाषा व चालीरीती वेगळ्या असलेल्या मुलांना एकत्र आणण्यासाठी जे खेळ रचले त्यांवर आज जगभरच्या उत्स्फूर्त नाट्याची इमारत उभी आहे. मला हे खेळ शिकविणारी माझी वरिष्ठ सहकारी हा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगे, आणि व्हाइटचॅपलातून गेलेले बी शिकागोत रुजून फळासकट परत आले, असे म्हणून हसे.

त्या खेळांपैकी निरर्थक बोलीचा खेळ मला सर्वांत उपयोगी पडला. दोघांनी समोरासमोर उभे राहावयाचे आणि कोणत्याही भाषेचा नव्हे अशा आवाजांत एकमेकांशी व्यवहार करावयाचा: एकाने मासळी विकावयाची, दुसऱ्याने ती शिळी आहे म्हणून भाव पाडावयाचा. इंग्रजीच्या वर्गात जी विषमता पहिल्या क्षणापासून असते, म्हणजे एकजण आपल्या देशात दंतवैद्य होता आणि दुसरीला लेखणी धरता येत नाही, ती या खेळात नाहीशी होते. किंबहुना उलटी होते. दंतवैद्य लाजून उभा राहतो, आणि जिने आयुष्यभर कोळणींशी घासाघीस केलेली असते ती बाई त्यास दोन मिनिटांत नामोहरम करते. यात इंग्रजीचा एकही शब्द नसतो हे खरे. परंतु आवाज चढविणे, मध्येच तोडणे, न पटल्यासारखे करणे, हे सारे परक्या भूमीवर प्रथमच मोठ्याने केले जाते, आणि मग त्यात इंग्रजी शब्द घालणे हे पुष्कळ सोपे काम उरते.

आता ज्या प्रसंगाने माझी शिकविण्याची रीत बदलली तो सांगते. तेथील सरकारी आरोग्यसेवेत आपल्या भागातील डॉक्टरांची त्या दिवसाची वेळ हवी असली, तर तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला फोन करावा लागे; पाच मिनिटे उशीर झाला की वेळा संपत. फोन उचलणारी रिसेप्शनिस्ट काय होते ते विचारते, आणि ते इंग्रजीत सांगता न आल्याने माघार घ्यावी लागते, ही माझ्या वर्गातील प्रत्येकीची तक्रार होती. कित्येक घरांत हा फोन दहा-अकरा वर्षांचा मुलगा करी, आणि आईच्या ज्या दुखण्याचा उच्चार तिने नवऱ्यापाशीही केला नसता त्याचे दुभाषेपण त्या पोराच्या माथी येई. मी ठरविले की, यावर ऑगस्तो बोआल यांच्या पद्धतीने एक प्रवेश बसवावा. हे ब्राझीलचे नाटककार. हद्दपार झाल्यानंतर १९७३ मध्ये पेरूतील साक्षरता मोहिमेत काम करीत असता त्यांच्या एका प्रयोगात प्रेक्षकांतील एका बाईला नटांनी आपली सूचना नीट समजून घेतली नाही असे वाटले, तेव्हा तिलाच रंगमंचावर बोलावून तुम्हीच करून दाखवा म्हणून सांगण्यात आले. त्यातून प्रेक्षकाने प्रवेश मध्येच थांबवून पात्राची जागा घ्यावयाची, हा प्रकार पुढे रूढ झाला.

माझी तजवीज अशी की, रिसेप्शनिस्ट मी व्हावे आणि विद्यार्थिनींनी एकामागून एक रुग्णाची जागा घेऊन नवी नवी वाक्ये योजून पाहावीत. प्रवेश झाला, पुन्हा झाला, मी टाळी वाजवून कोण येते म्हणून विचारले, आणि वर्गात शांतता पसरली. रुग्ण होण्यास कोणी तयार नव्हते. ते काम त्या रोजच करीत होत्या. अखेर हीटरपाशी शाल पांघरून बसणारी एक वयस्क बाई, जिचा आवाज मी हजेरीखेरीज ऐकलेला नव्हता, उठली आणि हिंदीत म्हणाली, “आफा, मैं वो औरत बनूँगी,” व माझ्या खुर्चीकडे तिने बोट केले.

ती बसली. समोर नसलेल्या संगणकावर तिने बोटे ठेवली, मान वर केली नाही, आणि “होल्ड द लाइन, प्लीज” असे म्हणून दुसऱ्याच एका अदृश्य माणसाशी बोलू लागली. नंतर “व्हॉट इज इट रिगार्डिंग?”, नंतर “इज इट अर्जंट?”, नंतर “नथिंग लेफ्ट टुडे, माय लव्ह, ट्राय टुमॉरो ॲट एट.” तो ‘माय लव्ह’ पूर्व लंडनच्या हेलासकट इतका हुबेहूब उतरला की, वर्ग हसता हसता लोटपोट झाला. चाचणीच्या नोंदीप्रमाणे ही बाई सर्वांत खालच्या इयत्तेत होती. वीस वर्षे फोनच्या अलीकडच्या बाजूने ऐकलेले प्रत्येक वाक्य तिने साठवून ठेवलेले होते. ते उच्चारण्याची जागा तिला कधी मिळाली नव्हती, एवढेच.

त्यानंतर अधिकारी होण्यासाठी रांग लागली. घरांच्या दफ्तरातील कारकून, शाळेतील मुख्याध्यापिका, बसचा तिकीट तपासनीस, विमानतळावरील शिक्के मारणारा, असे सारे एकामागून एक अवतरले, आणि मी उघड्या तोंडाने पाहत राहिले. अर्जदाराच्या जागी मुकी असणारी माणसे अंमलदाराच्या जागी वाचाळ होत होती. काही आठवड्यांनी याची परिणती रुग्णाच्या भूमिकेतही झाली: काय होते म्हणून विचारल्यावर एका तरुण स्त्रीने शांतपणे, ते मी डॉक्टरांनाच सांगेन, असे उत्तर दिले, आणि त्यावर तुमचे नाव काय म्हणून उलट विचारले. तो प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच धड्यात आहे. त्याचा असा उपयोग असतो, हे पुस्तक लिहिणाऱ्यासही ठाऊक नसावे.

शिवणाचा वर्ग हा मूळ सोयीचा मामला होता. नाटकाच्या नावाने घरातून बाहेर पडू देईल असे सासर पुष्कळ जणींना नव्हते. शिवणाला मात्र कोणाची हरकत नसे. सिल्हेटकडच्या बायका जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून, काठांतून ओढून काढलेल्या धाग्यांनी, साध्या धावदोऱ्याने कांथा शिवतात. आपल्याकडची वाकळ ज्यांनी पाहिली आहे त्यांस निराळे सांगणे नको. मी स्वतः सुईच्या कामात मंद आहे, आणि ही गोष्ट माझ्या पथ्यावर पडली, कारण तेथे शिकविणाऱ्या त्या झाल्या. टाका असा नव्हे, असा, हे मला समजावून सांगण्यासाठी त्यांना इंग्रजी क्रियापदे लागू लागली. आणि हात गुंतलेले व नजर खाली असली म्हणजे समोरासमोर न निघणारे विषय निघतात हा तर स्त्रियांच्या बैठकीचा जगभरचा शिरस्ता आहे. त्या गप्पा निम्म्या सिल्हेटीत चालत. वर्गात केवळ इंग्रजीच बोलावे अशी पाटी मी नोकरीस लागले तेव्हा भिंतीवर होती. ती मी काढून ठेवली आणि पुन्हा लावली नाही. मातृभाषेला बंदी केल्याने परभाषा लवकर येते हे मत मला मान्य नाही. बंदीने येते ते मौन.

पुढे वर्गाचे रूप पालटले. अफगाण, कुर्द, सुदानी, सीरियन अशी माणसे येऊ लागली, आणि त्यांत आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागावयाचा आहे असे तरुण पुष्कळ असत. त्यांना काम करण्याची परवानगी नसते, आठवड्याला पन्नास पौंडांच्या आतबाहेरचा निर्वाहभत्ता मिळतो, आणि सरकारी खर्चाने इंग्रजी शिकण्याचा हक्कही अर्जानंतर सहा महिने गेल्याशिवाय प्राप्त होत नाही. हजेरीपटावर त्यांच्या जन्मतारखा लिहिताना मला प्रथम गंमत वाटली, कारण निम्म्या जणांचा वाढदिवस १ जानेवारीस होता. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत १ जूनला जन्मलेल्यांचा भरणा का असतो हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी सोय केली तीच येथे परवाना खात्याने केलेली होती. तथापि आमच्या १ जूनवरून कोणाच्या खरेपणाबद्दल शंका घेतली गेली नाही. यांच्या बाबतीत अफगाणिस्तानचे सौर वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होते, इंग्रजी सालाशी त्याचा मेळ घालताना दुभाष्याकडून एका वर्षाचे इकडेतिकडे होते, आणि पहिल्या जबानीतील तारीख व दुसऱ्या जबानीतील तारीख यांत तफावत आढळली म्हणजे सबंध कैफियतच संशयास्पद ठरू शकते.

म्हणून, ज्या कलावंतांना या लोकांकडून त्यांची ‘कहाणी’ हवी असते त्यांच्याविषयी माझे मत कठोर आहे. एका कार्यशाळेसाठी एक चित्रकार आले होते. मनुष्य सज्जन, रंग-कागद उत्तम प्रतीचे. प्रत्येकाने आपला प्रवास काढावा, असा विषय त्यांनी दिला, आणि चित्रांचे प्रदर्शन व्हावयाचे होते. होडी, काटेरी तारा, लाटा, अशी चित्रे अपेक्षेप्रमाणे तयार होऊ लागली. या मुलांनाही पाहणाऱ्यास काय हवे असते ते कळून चुकलेले असते. एकजण मात्र तासभर पट्टी व पेन्सिल घेऊन काहीतरी मोजूनमापून आखीत होता. तो त्याच्या वडिलांच्या तंदूरचा उभा छेद होता: माती कोणती, तोंड किती रुंद, राख काढण्याचे भोक कोठे. चित्रकारांनी त्यास प्रेमाने समजावले की, हे छान आहे, पण तुझा प्रवास कोठे आहे? त्याने विचार करून, तो सरकारपाशी लिहून दिलेला आहे, असे उत्तर दिले.

मी त्या दिवशी विषय बदलविला. भट्टीचे ते चित्र भिंतीवर लावले, त्यास शेजारी उभे केले आणि इतरांनी त्यास प्रश्न विचारावेत असे सांगितले. सीरियातल्या एका बाईने मातीत बकऱ्याचे केस मिसळता की नाही म्हणून विचारले, सिल्हेटच्या आजींनी सरपणाची चौकशी केली, आणि तो तरुण, ज्यास भूतकाळाची क्रियापदे पाठ होत नव्हती, त्याने वडील काय करीत, भावाने काय मोडले, पुन्हा कसे बांधले, हे सारे मोडक्यातोडक्या पण निःसंशय भूतकाळात सांगितले. त्यानंतर त्याने उलट प्रश्न केले. तुमच्याकडे भाकरी कशावर भाजतात, हे त्याने मला विचारले, आणि तव्यावर व नंतर निखाऱ्यावर ज्वारीची भाकरी कशी फुगते ते मला फळ्यावर काढून दाखवावे लागले. आपल्या दुःखाखेरीज दुसऱ्या कशाचा तरी जाणकार म्हणून ओळखले जाणे, ही त्या माणसांची गरज त्यांच्यासाठी झटणाऱ्या भल्या लोकांच्याच ध्यानात सहसा येत नाही.

अनुदानाविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तो विषय निघाला की माझा तोल सुटतो. २०१० नंतरच्या सहा वर्षांत इंग्लंडमध्ये स्थलांतरितांच्या इंग्रजी शिक्षणावरचा सरकारी खर्च निम्म्याहून खाली आला, आणि जे पैसे उरले ते सहा-सहा आठवड्यांच्या उपक्रमांत विभागले गेले. सहा आठवड्यांत माणसे एकमेकांची नावे नीट उच्चारू लागतात, आणि तेव्हाच मुदत संपते. शेवटच्या दिवशी समोसे, पाहुणे आणि छायाचित्रे. पूर्वी आत्मविश्वास किती होता व आता किती वाढला हे पाच चेहऱ्यांपैकी एका चेहऱ्यावर खूण करून दाखवावयाचे कागद प्रत्येकाकडून भरून घेतले जातात. म्हणजे ज्यांची चौकशीपासून घटकाभर सुटका करण्यासाठी आम्ही जमलो त्यांची पुन्हा चौकशीच. जून महिन्यात निर्वासित सप्ताह असतो, तेव्हा आमच्या मंडळींना फार मागणी येते. नोव्हेंबरात कोणी विचारीत नाही.

कलेने सर्व काही साधते असा भ्रमही मला नाही. कायम वास्तव्यासाठी व नागरिकत्वासाठी २०१३ पासून बोलण्या-ऐकण्याची ठरावीक पातळीची परीक्षा आणि त्याखेरीज त्या देशाच्या इतिहासाची व कारभाराची चोवीस प्रश्नांची चाचणी, अशी दोन्ही उत्तीर्ण व्हावी लागतात; त्या चाचणीत राजघराण्यांच्या सनावळ्यांपुढे आमचे नाटक निरुपयोगी आहे, तेथे घोकंपट्टीच हवी. ज्या बाईस आपल्या भाषेतही अक्षर ओळखता येत नाही तिला लेखणी धरण्यापासून शिकवावे लागते, त्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांना रंगीत करणारा कोणताही खेळ अस्तित्वात नाही. ती हीटरपाशी बसणारी बाई पुढे वाचावयास शिकली नाही. डॉक्टरांना फोन मात्र स्वतः करू लागली.

व्हाइटचॅपल स्थानकाच्या नावाची पाटी २०२२ पासून बंगालीतही लागलेली आहे. वर्ग आता पूर्वीइतके नाहीत. जे आहेत त्यांतले बरेच वाचनालयांच्या खोल्यांत स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, आणि कित्येक ठिकाणी नाव नोंदवून महिनेनमहिने वाट पाहावी लागते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, आपली माणसे तेथे हजारोंनी आहेत, सुस्थितीत आहेत, आणि गणेशोत्सवाच्या नाटकांत हौसेने कामे करणारी आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची मुले-सुना इंग्लंडात असतील तर त्यांना एवढे कळवावे की, अशा वर्गात आठवड्यातून एक संध्याकाळ बसून बोलण्यासाठी माणसे हवी आहेत. बहुतेक ठिकाणी त्याकरिता पदवी लागत नाही, शिकविण्याचा अनुभवही लागत नाही. पूर्वचारित्र्याची सरकारी तपासणी तेवढी होते. तिला काही आठवडे लागतात, आणि वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, तेव्हा अर्ज उन्हाळ्यातच द्यावा.